धाकट्याच्या खोलीतली हवा

‘किती?’ हा काकांचा सगळ्यात लाडका शब्द. पाऊस पडतोय म्हटलं की ‘किती?’, डोकं दुखतंय म्हटलं तरी ‘किती?’ एकदा मी भाबडेपणाने म्हणालो, ‘काका, आज खूप उकडतंय हो,’ तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, ‘खूप हे माप कुठल्या खात्यात चालतं?’ उकाड्याने जीव चाललेला असताना त्याचा आकडा सांगता न येणं हा त्या घरात गुन्हा होता आणि मी तो दिवसातून चारदा तरी करायचो.

काका म्हणजे माझे घरमालक. केंद्र सरकारच्या मापं तपासणाऱ्या कुठल्याशा कचेरीत त्यांचा उभा जन्म गेला. देशभरातले तराजू आणि थर्मामीटर खरं बोलतात की थापा मारतात, हे ते ठरवायचे. माणसांच्या बाबतीत त्यांनी ते आधीच ठरवून टाकलेलं होतं. संसार दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी गाझियाबादच्या एका नव्या वसाहतीत घर बांधलं. प्लॉट विकणारा म्हणाला होता, ‘दिल्ली तो बस यहीं है, जी.’ काकांनी अर्थातच ‘कितनी दूर?’ विचारलं असणार. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाने त्या एका ठिकाणी मिळालेला आकडा तपासला नाही, आणि मग दिल्लीला जायचं म्हटलं की काका बसमागून बस बदलत राहिले.

मी पुण्याहून नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलो, तेव्हा देश नुकताच खुला झाला होता म्हणे. उसाच्या शेतांमधून काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यांना लिफ्ट होती, कारंजं होतं, झुळझुळीत नाव होतं, फक्त वीज आणि पाणी तेवढं यायचं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, गाझियाबादेत एक मराठी काका आहेत, थोडे चक्रम आहेत पण काकूंच्या हाताला चव आहे. मी चव एवढंच ऐकलं आणि गेलो.

भाड्याची बोलणी करताना पगार किती, मांसाहार करता का, मित्र-मैत्रिणी येतात का, यातलं काहीही काकांनी विचारलं नाही.

‘अंघोळीला पाणी किती लागतं?’

‘एक बादली.’

‘किती लिटरची?’

मी हाताने बादलीची उंची दाखवली. काका काकूंकडे वळले. ‘अंदाजपंचे दाहोदरसे! आणि म्हणे इंजिनिअर!’ त्यांच्या तोंडात याहून मोठी शिवी नव्हती. तरी त्यांनी मला बरसाती दिली. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती एक खोली. ऊन, धूळ, माकडं आणि नावाप्रमाणे बरसात, हे सगळं तिथे आधी पोचतं आणि भाडेकरू मागाहून.

खाली मात्र एक छान, मोठी खोली रिकामी दिसत होती. खिडकीत भलाथोरला कूलर, त्याला वाळ्याच्या ओल्या ताट्या, जाड पडदे. मी चाचरत विचारलं, ‘ती नाही का देत भाड्याने?’

‘ती धाकट्याची,’ काकू म्हणाल्या.

‘अच्छा, म्हणजे दोन मुलं का तुम्हाला?’

‘मला एकच. यांना दोन.’

धाकट्याचं दर्शन मला सामान लावून झाल्यावर झालं. एका लांबलचक काचेच्या पेटीत, ओल्या शेवाळावर, मनगटाएवढा जाड अजगर स्वतःचीच उशी करून पडला होता. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचल्यावर काकांचा आवाज आला, ‘पळतोस काय? परदेशी आहे तो. आफ्रिकन. इथला ठेवला असता तर जेलमध्ये गेलो असतो!’ देश खुला झाल्यावर परदेशी चॉकलेटं आली, परदेशी बूट आले, त्यांच्या मागोमाग हेही आले होते. चॉकलेटं निदान आम्हाला खाता येत होती.

आठवड्यातले सहा दिवस धाकटा हलत नसे आणि सातव्या दिवशी जेवत असे. सरकारी क्वार्टरमध्ये वाढला नव्हता, तरी वळण तेच. त्याचं जेवण फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली असायचं, त्यामुळे त्या घरात मी कधी मटार उसळ खाल्ली नाही.

हा प्राणी मूळचा थोरल्याचा. म्हणजे काकांच्या खऱ्या मुलाचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी त्याने तो हॉस्टेलमधून पेटीसकट घरी आणला, ‘थोडे दिवस राहू दे’ म्हणाला आणि थोड्याच दिवसांत स्वतः अमेरिकेला गेला. लोकांची मुलं परदेशी जाताना मागे स्कूटर ठेवतात, पुस्तकांचा ढीग ठेवतात. याने साप ठेवला. ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, हे मुलाला विचारायचं काकांचं कसं राहून गेलं कोण जाणे.

बाकी धाकट्याच्या बाबतीत अंदाजाला थारा नव्हता. जनावरांच्या डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, पेटीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास हवी. ‘कमी झाली तर कात अखंड निघत नाही,’ काका मला शिकवायचे, ‘तुकडे पडतात. डोळ्यांवरची तशीच चिकटून राहते. आंधळा होईल प्राणी.’

‘आणि जास्त झाली तर?’

‘छाती भरते.’

आता हे साठ टक्के कुठे सांभाळायचे, तर गाझियाबादेत! मे महिन्यात तिथे लू सुटली की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, अंगावर वाळत घातल्यासारखे कपडे वाळतात. ‘हवेत आर्द्रता सतरा,’ असं काका सकाळी दारात उभे राहून जाहीर करायचे, एखाद्या नातेवाइकाची तब्येत खालावल्याच्या सुरात. मग कूलरचा झोत धाकट्याच्या खोलीत. ओल्या चादरी धाकट्याच्या खोलीत. आणि भाडेकरूसाठी नियम असा की धुतलेले कपडे गच्चीवर नाही, धाकट्याच्या खोलीतच वाळत घालायचे. गच्चीवर भसाभस वाफ उडून जाणं म्हणजे राष्ट्रीय नुकसान. माझे ऑफिसचे शर्ट दोन उन्हाळे एका अजगरावर ओल सोडत वाळले. परदेशी क्लायंटसमोर मी ते घालून उभा राहायचो आणि ते लोक माझ्या हातात हात देऊन भारताच्या भवितव्याबद्दल बोलायचे.

अमेरिकेहून मुलाने आर्द्रता मोजायचं एक यंत्र पाठवलं होतं. काकांनी ते पेटीत लावण्याआधी अर्थात त्याची परीक्षा घेतली. ओलं मीठ बंद डब्यात ठेवलं की आतली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते, असं शास्त्र आहे. काकांनी काकूंचा मिठाचा डबा घेतला, त्यात पाणी घातलं, यंत्र ठेवलं आणि झाकण लावून अख्खा दिवस कुणाला हात लावू दिला नाही. काकूंनी त्या दिवशी आळणी स्वयंपाक केला. ‘आमच्याकडे मीठसुद्धा पेपर तपासायला बसतं,’ काकू मला वाढताना म्हणाल्या. यंत्र पास झालं. काकांच्या हातून एका फटक्यात पास झालेलं त्या घरातलं ते बहुधा पहिलंच.

फवाऱ्यासाठी नळाचं पाणी चालत नसे, कारण तिथलं पाणी खारं, काचेवर पांढरे डाग पडायचे. म्हणून बॅटरीचं, डिस्टिल्ड पाणी. घरात इन्व्हर्टर होता, त्याच्या बॅटरीत घालायला त्या पाण्याच्या बाटल्या आणलेल्या असायच्या. जूनमध्ये एकदा सकाळी लाइट गेली ती गेलीच, आणि इन्व्हर्टरही शेवटचा आचका देऊन थंड झाला. इलेक्ट्रिशियन आला, बॅटरी उघडून आत डोकावला आणि म्हणाला, ‘अंकल जी, ये तो बिल्कुल सूखी पड़ी है. पानी कहाँ गया?’ आम्ही सगळे घामाने निथळत धाकट्याच्या काचेकडे बघत होतो. आत छान दव पडलं होतं.

‘म्हणजे तो गार आणि आपण उकडतोय,’ काकू म्हणाल्या.

‘साठ आहे,’ काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

काकू हे सगळं सहन का करतात, हे मला कळत नव्हतं. एरवी बाई अशी की भाजीवाल्याने एक काकडी कडू दिली तर चौथ्या दिवशी त्याला परत करणारी. पण सापाला घालवा, असं काकू कधी चुकूनही म्हणाल्या नाहीत. मग एका रविवारी मी सकाळी खाली गेलो आणि कोडं सुटलं.

रविवारी सकाळी मुलाचा फोन यायचा. फोनसाठी काका दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसायचे. पलीकडच्याला काय दिसणार होतं, देव जाणे. पण मग जे सुरू व्हायचं ते ऐकण्यासारखं होतं. ‘हां. ह्युमिडिटी अठ्ठावन्न. हो, काल जेवला. कात? डोळे निळसर झालेत, चार-पाच दिवसांत टाकेल बघ. नाही, नाही, शेवाळ बदललं मी.’ दिल्लीत वाढलेल्या त्या मुलाला आर्द्रता हा शब्द कळत नसे, म्हणून एरवी मराठीसाठी भांडणारे काका त्याच्याशी बोलताना ह्युमिडिटी म्हणायचे. अर्धा अर्धा तास चालायचं. हसायचेसुद्धा! काका हसताना मी फक्त रविवारीच पाहिले.

‘आधी कसं होतं माहितीये?’ काकू पोहे भिजवता भिजवता हळूच म्हणाल्या. ‘“हं. बरा आहेस ना? आईला देतो.” संपला फोन. कॉलेजला होता तेव्हाही तसंच. मार्क किती, आणि कमी का, एवढंच बापलेकाचं बोलणं. आता बघ. अरे, साप आहे तोवर फोन आहे. म्हणून म्हटलं, राहू दे मेल्याला.’

त्यानंतर मी माझे शर्ट निमूटपणे त्या खोलीत वाळत घालायला लागलो. खरं सांगतो, मुद्दाम थोडे कमीच पिळून.

डिसेंबरमधल्या एका रविवारी फोन ठेवून काका उठले आणि म्हणाले, ‘सत्तर करायचंय.’

‘काय?’

‘ह्युमिडिटी. तो म्हणाला, बाबा, सत्तर ठेवा.’

‘पण डॉक्टर तर साठ म्हणाले होते,’ मी म्हणालो. ‘आणि ही थंडी...’

‘तो तिकडे आहे. तिकडे या गोष्टींवर संशोधन झालेलं असतं.’

ज्या माणसाने काकूंच्या मिठाला साक्षीला बसवल्याखेरीज यंत्रावर विश्वास ठेवला नाही, त्याने मुलाचा आकडा जसाच्या तसा खिशात घातला. ‘कशावरून?’ असं विचारलं नाही. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी करायला सांगितलं होतं.

आणि सत्तर काही होईना. बाहेर धुक्याने समोरचं घर दिसत नव्हतं, पण आत हीटर लावला की हवा खडखडीत. हीटर बंद केला की प्राणी गारठणार. त्यात दिवसातून निम्मा वेळ लाइट नाही. काका पार पानिपतला गेले आणि पेटी गुंडाळायला जाडजूड ब्लँकेट्स घेऊन आले, तिथे स्वस्त मिळतात म्हणून. ‘मराठी माणसाने संक्रांतीच्या सुमारास पानिपतला जाऊ नये हो,’ मी विनोद केला. काका हसले नाहीत, रविवार नव्हता. ब्लँकेट्सनी पेटीची हवेची भोकंही झाकली गेली आणि काटा सरसर वर चढला. काचेला आतून घाम फुटला. सत्तर! काका इतके खूश झाले की मला म्हणाले, ‘आज थंडी खूप आहे, नाही?’ त्यांच्या तोंडून ‘खूप’ मी तेवढाच ऐकला.

धाकटा तोंड वर करून श्वास घ्यायला लागला, तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरने ब्लँकेट काढलं, काचेवर बोट फिरवून पाणी पाहिलं आणि एवढंच म्हणाला, ‘इतनी नमी किसने बोली थी?’ काकांनी मुलाचं नाव काढलं नाही. ‘मैंने,’ असंही म्हणाले नाहीत, कारण ते खरं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो गेला. आम्ही त्याला मागच्या रिकाम्या प्लॉटवर पुरलं. आता तिथे नावात ‘व्हॅली’ असलेला टॉवर उभा आहे. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, ‘अंघोळ करायची का?’ काका म्हणाले, ‘करू या,’ आणि काकूंनी पाणी तापवलं. दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला तिळगूळ दिला नाही. मला हसू यायला हवं होतं. सापाचं सुतक! पण मी धाकट्याच्या खोलीतले माझे शर्ट काढून एकेकाची घडी घालत बसलो.

आता रविवारचं काय, हा प्रश्न तिघांच्याही मनात होता आणि कुणीच तो तोंडाने काढत नव्हतं. नेमकं शुक्रवारीच मला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, दोन महिन्यांसाठी, मुलाच्याच शहरात; व्हिसा कधीचाच काढून ठेवलेला होता. शनिवारी संध्याकाळी विमान. निघताना काकूंनी भाजणी, मेतकूट, लाडू दिले आणि काकांनी कॅलेंडरची एक लांब नळी. आत धाकट्याची शेवटची कात होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, कुठे चीर नाही.

‘त्याला दे. म्हणावं, एका तुकड्यात निघालीय. डोळ्यांसकट,’ काका म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, ‘तो गेला हे नको सांगूस.’

‘विचारलं तर?’

‘खोटं बोलू नकोस. पण विचारल्याशिवाय सांगू नकोस.’

मुलगा चांगला होता हो. तेच तर वाईट. विमानतळावर घ्यायला आला, लाडवाचा डबा गाडीतच उघडला. घरी पोचल्यावर मी नळीतून कात बाहेर काढली, तर तो टुणकन उडी मारून सोफ्याच्या मागे. ‘यार, प्लीज! बाहेर ठेव ते, बाल्कनीत!’

‘अरे, तुझाच साप ना?’

‘माझा? पागल आहेस का? हॉस्टेलमधल्या एका दोस्ताचा होता, तो घेऊनच गेला नाही परत. मी तर हातसुद्धा नाही लावला कधी.’

‘मग दर रविवारी विचारतोस तो?’

तो सोफ्याच्या मागूनच बोलत होता. ‘मग काय विचारू? तू माझ्या बाबांना ओळखतोस ना? पगार किती, वजन किती, संपलं. एकदा असंच ह्युमिडिटी विचारली, तर दहा मिनिटं बोलले, यार! माझ्याशी! मी त्या दिवशी खूप रडलो, सच में. तेव्हापासून इंटरनेटवर सापाचं वाचून ठेवतो.’

मी विचारलं, ‘सत्तर पण वाचलंस?’

‘कुठलं सत्तर?’

‘बाबांना म्हणालास ना, सत्तर ठेवा.’

‘अच्छा, ते. नाही, ते असंच. त्या दिवशी बोलायला काहीच नव्हतं. राउंड फिगर वाटली.’

अंदाजपंचे दाहोदरसे. मला त्याच्या कानाखाली वाजवाविशी वाटली आणि दुसऱ्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. लाडू खाल्ला. साप कसा आहे, हे काही त्याने विचारलं नाही.

परत आलो तो मार्चमधला एक रविवार होता. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ‘कात बघून काय म्हणाला?’

‘उडालाच एकदम,’ मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. काकांचा चेहरा असा उजळला की मी पटकन स्वयंपाकघरात गेलो.

‘घाबरला ना?’ काकूंनी कढईवरची नजर न काढता विचारलं.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘अरे, पाल दिसली की कॉटवर चढून बसायचा तो. तो साप पाळणार? पण तू बोलला नाहीस ना यांना?’

‘नाही,’ मी म्हणालो. राउंड फिगरचं मात्र मी काकूंनाही सांगितलं नाही. आजवर कुणालाच नाही.

फोन वाजला. ‘हां, बोल,’ काकांचा आवाज आला. ‘ह्युमिडिटी? थांब, बघून सांगतो.’

मी दारातून पाहिलं. धाकट्याच्या खोलीत पेटी होती तशीच होती. ताजं, हिरवंगार शेवाळ, पाण्याने भरलेलं भांडं, मधोमध यंत्र. साप तेवढा नव्हता. मला वाटलं, जागेवरूनच ‘सत्तर’ म्हणतील. कोण येणार होतं तपासायला? पण काका रिसीव्हर टेबलावर ठेवून उठले, पेटीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून आकडा वाचला. तो कमी असावा. त्यांनी फवारा उचलला, रिकाम्या शेवाळावर दोनदा मारला आणि काटा चढेपर्यंत तिथेच उभे राहिले. तिकडे अमेरिकेत त्यांचा मुलगा फोन धरून थांबला होता. मग काका परत आले.

‘सत्तर,’ ते म्हणाले. ‘अगदी बरोबर सत्तर.’

‘बाजारात जाशील तेव्हा बॅटरीचं पाणी आण,’ काकू मला म्हणाल्या. ‘संपत आलंय.’

‘किती?’ मी विचारलं.

‘दोन बाटल्या आण. उन्हाळा तोंडावर आलाय.’